मागचं वजन

कोरिनला वाटलं होतं, दूर शिकून परतल्यावर गाव तिच्या नव्या योजना ऐकायला बसलेलं असेल. तिला भेटला तो बापाचा सत्तावीस वर्षांचा पिकअप. आर्मान, तिचा बाप, ती परतायच्या आधीच्या मार्चमध्ये वारला होता. टेकडीवरच्या एकट्या म्हाताऱ्यांच्या वाटांवरचं बर्फ तोच फुकट काढायचा. आता मी काढणार, म्हणाली.

पोरांनो, गेल्या वर्षीची सोळा जानेवारी. चारलाच अंधार. आर्मानबरोबर मीही बर्फ काढायला जायचो, म्हणून बर्फ लोटायचं पातं बसवायला मी तिच्या मदतीला गेलो. गंजलेले बोल्ट तापवून काढले. पातं चढलं तसं गाडीचं नाक खाली गेलं, शेपूट वर. मी म्हटलं, मागच्या हौद्यात वाळूची पोती टाक, आर्मान सहा टाकायचा. नाहीतर चढावर मागची चाकं नुसती फिरतील.

"काका, मी हिशेब केलाय. तुम्ही दोघं उगाच वाळू फिरवत होतात."

एवढ्यात फोन आला. टेकडीवरच्या वर्नाआजीचा प्राणवायू नऊपर्यंतच पुरणार होता, आणि नवी नळकांडी आणणारी गाडी खाली बर्फात अडकलेली. पोती भरायला वेळ कुठला? कोरिन तशीच रस्ता मोकळा करायला निघाली. सव्वासात वाजले होते.

पुढचं तिनंच मला सांगितलं.

दरीकडच्या वळणावर मागची चाकं नुसती फिरू लागली. गाडी मागे सरकली. आणखी सरकली.

मग मागून स्प्रिंग करकरली. एकदा. परत एकदा. कुणीतरी एक पाय टाकून वर चढावं, मग दुसरा... तशी.

गाडीचं शेपूट खाली बसलं. चाकांनी रस्ता धरला.

तिनं आरशात पाहिलं नाही.

थोडं वर गेल्यावर मागच्या काचेवर टकटक झाली. दोनदा. लहानपणी तिला शिकवताना आर्मान हौद्यात बसून असंच वाजवायचा. म्हणजे, पातं उचल.

तिनं उचललं. पात्याखालून बर्फात दडलेला पुलाचा लोखंडी काठ गेला, पातं त्यालाच अडकलं असतं...

तिनं मोकळ्या केलेल्या रस्त्यानं साडेआठला नळकांडी वर पोचली.

सकाळी मी गेलो. रात्रभर बर्फ पडत होतं. हौद्यात वीतभर साचलेलं. फक्त काचेला लागून, एक माणूस मांडी घालून बसेल एवढा पत्रा कोरडा.

कोरिन गॅरेजातून पोती ओढत आणत होती. सहाही तिनं एकटीनं चढवली. नीट, कडेकडेनं.

ती जागा मोकळी ठेवली.