दोघांची कयाक

आई हॅलिफॅक्सच्या इस्पितळात होती. अन्न जात नव्हतं. एका सकाळी म्हणाली, "मोठ्या बेटावरच्या ब्लूबेरी मिळाल्या तर खाईन." म्हणून एकतीस वर्षांनी मी आल्डनमामाच्या गावी गेले.

गाव होतं तसंच. पांढरं चर्च, लाकडी धक्का, समोर विखुरलेली बेटं. मामा अजूनही पाहुण्यांना कयाक, त्या निमुळत्या वल्ह्याच्या होड्या, भाड्यानं देत होता. त्या दिवशी नेमकी दोघांची कयाक तेवढी उरली होती.

"एकट्या माणसानं मागे बसायचं असतं, व्हर्ना. शहरात राहून विसरलीस?" मामा म्हणाला.

मी तरी पुढेच बसले. लहानपणापासून माझी जागा तीच. मागे लॉर्न, माझा लांबलचक पायांचा थोरला भाऊ. तो पाणी उडवायचा, 'बुटके' म्हणून चिडवायचा, पण कयाक सरळ न्यायचा. एकोणिसाव्या वर्षी एकदा तो एकटाच निघाला. मी रुसले होते, गेले नाही. कयाक सापडली. तो नाही.

बेटावर डबा भरला. परत निघाले तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. अर्ध्या वाटेत धुकं आलं. आमच्याकडचं धुकं आवाज गिळत येतं. आधी पक्षी गप्प झाले, मग किनारा. ओल्या दोराचा, शेवाळाचा वास तेवढा राहिला. मी वल्हं थांबवलं.

कयाक थांबली नाही.

मागे पाण्यात वल्हं पडत होतं. डावं... उजवं... अगदी सावकाश.

"नीट मार की, बुटके."

मान वळवायची हिंमत झाली नाही. पण खरं सांगू? भीतीच्या आधी आनंद झाला. त्याच्या तालात मीही वल्हं मारू लागले, पूर्वीसारखी. किती वेळ, कोण जाणे. मग लाटा लांब, उंच होत गेल्या. खाडीत अशा लाटा नसतात. आम्ही खुल्या समुद्राकडे चाललो होतो.

"लॉर्न... घर मागे राहिलं."

"थोडंच अजून... त्या दिवशी आली नाहीस ना."

"नाही आले. चुकलंच माझं." मी वल्हं मांडीवर ठेवलं. "पण आई वाट बघतेय रे. तिला मी एकटीच उरलेय."

मागचं वल्हं थांबलं. बराच वेळ नुसतं पाणी ठिबकत होतं. मग कयाक हळूच वळली.

धक्क्यावर हाका मारून मामाचा आवाज घोगरा झाला होता. त्यानं मला ओढून बाहेर काढलं, मनसोक्त शिव्या घातल्या आणि मग जवळ घेतलं.

दुसऱ्या दिवशी आईनं मूठभर ब्लूबेरी खाल्ल्या. त्याच दुपारी मामाचा फोन आला.

"कयाक धुतोय. मागच्या जागेच्या पाय रोवायच्या पट्ट्या, उंचीप्रमाणे सरकवायच्या त्या, गंजून अडकल्या होत्या. दहा वर्षं हातोड्यानं ठोकतोय, तसूभर हलल्या नाहीत. आज बघतो तर पार शेवटच्या खाचेत सरकल्यात. व्हर्ना... एवढे लांब पाय आपल्या घरात एकाचेच..."