घळीतला धारेचा दगड

दाजींचा धारेचा दगड फुटला, तेव्हा दुकानाची अब्रूच पणाला लागली. ब्लेड न वापरता वस्तऱ्यानं दाढी करणारे ते एकटेच उरले होते आणि बाजारातला नवा दगड गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पाणी आणत होता. जुना दगड वडिलांनी दूरच्या एका नदीच्या घळीतून आणला होता; हिरवट, हाताला लोण्यासारखा. तसाच मिळवायचा, नाहीतर वस्तरा खाली ठेवायचा, असं ठरवून दाजी निघाले. बरोबर बायकोनं गळ्यात बांधलेलं लोढणं, म्हणजे मेहुणा. त्याच्या बकरदाढीला दाजींनी आजवर वस्तरा लावला नव्हता. म्हणायचे, पोलाद वाया जातं.

मुक्कामाला त्या नदीच्या खोऱ्यातलं गाव मेहुण्यानंच शोधलेलं. "शांत आहे दाजी, आणि स्वस्तही."

शांत कसलं, मेलेलं गाव ते! एक रस्ता, दोन दुकानं, दोन्ही बंद. लॉजच्या खाटेला मधोमध खड्डा आणि नळाला पाणी कमी, खोकला जास्त.

"इथं राहायचे पैसे त्यांनीच आपल्याला द्यायला हवेत," दाजी म्हणाले.

सकाळी लॉजवाल्या बाईंनी बजावलं, "घळीत पाणी गढूळ झालं की थांबू नका. वर पाऊस पडला की आधी रंग बदलतो, मग लोंढा येतो."

"आधी नळाला पाणी आणा म्हणावं," दाजी पुटपुटले.

घळ मात्र खरोखर देखणी होती. दोन्ही बाजूंना काळे कडे, वर आभाळाची चिंधी आणि खाली गुडघाभर नितळ पाणी गोट्यांवरून खळाळत चाललेलं. मेहुणा दर चार पावलांवर घसरत होता. दाजी दगड उचलत, भिजवत, वस्तरा घासून पाहत, फेकून देत. दुपारी एकदाचा हिरवा दगड हाती लागला. पाठोपाठ दुसरा! दाजींनी पहिला मेहुण्याच्या पिशवीत टाकला आणि दुसरा घासायला ते पाण्याकाठी बसले. दगडाचा राखाडी गाळ पाण्यात उतरू लागला.

"दाजी, पाणी गढूळ झालंय," मेहुणा ओरडला.

"मी घासतोय ना इथं! माझाच गाळ आहे तो. गप उभा राहा."

थोड्या वेळानं त्यांनी मान वर केली. मेहुणा प्रवाहाच्या वरच्या अंगाला उभा होता. गाळ उलटा वर कसा चढेल? त्या क्षणी दाजींना स्वतःइतका बिनडोक माणूस दुसरा दिसला नाही.

"पळ!"

गडगडाट झाला. हातातला दगड टाकून दाजी कपारीवर चढले. मेहुणा घसरला. पाणी छातीला लागलं. त्यानं एका हातानं खडक धरला, दुसऱ्या हातात पिशवी!

दाजींनी कमरेचा वस्तरा परजायचा चामडी पट्टा काढला, मनगटाला गुंडाळला आणि पालथं पडून खाली सोडला.

"आधी पिशवी घ्या, दाजी!"

"सोड ती."

"दगड आहे त्यात!"

"सोड म्हणतो ना, गाढवा!"

पिशवी गेली. पट्टा ताणला, शिवण उसवली, पण मेहुणा वर आला. खाली हिरवे दगड गढूळ पाण्यात बुडाले ते बुडालेच.

संध्याकाळी त्याच भिकार खाटेवर मेहुणा कुडकुडत बसला होता. दाजींनी साबणाचा फेस केला, त्याच्या बकरदाढीला लावला आणि वस्तरा उघडला. पट्टा फाटलेला, वस्तरा बोथट. परत गेल्यावर ब्लेड आणावी लागणार होती.

"लागतंय?"

"नाही दाजी," मेहुणा म्हणाला. डोळ्यांतून धार लागली होती.

"खोटं बोलायलाही अक्कल लागते," दाजी म्हणाले आणि त्यांनी हात आणखी हलका केला.