कोरडी बशी

टपालाचं जुनं तिकीट अस्सल की बनावट, हे विचारायला लोक शाहूपुरीत माझ्याकडे येतात. व्हिक्टोरिया राणीची तिकिटं चाळीस वर्षं बघतोय. या जयपालनं एकदा 'अस्सल' म्हटलं की मुंबईचे व्यापारीसुद्धा पुन्हा भिंग लावत नाहीत.

माझी बायको अक्काताई जाऊन आठ महिने झाले. रडू आलं नाही, अजून येत नाही. जेवतो, झोपतो, भिंग पुसतो.

तिकिटं अल्बमात लावायचं काम तिचं. हिंज म्हणजे डिंक लावलेली कागदाची इवलीशी पट्टी. ती जिभेनं ओली करायची आणि तिकिटाच्या पाठीवर अगदी मधोमध चिकटवायची. तोंडात सदा लवंग, त्यामुळे माझ्या सगळ्या अल्बमांना लवंगेचा वास आहे.

आजार हाताबाहेर गेल्यावर तिनं आमच्या जैन धर्मातलं, देह सोडायचं सल्लेखनेचं व्रत घेतलं. आधी अन्न सोडलं, मग पाणी. चौथ्या दिवशी तिचे ओठ हलले.

"पप्पा, आई पाणी मागाय लागलीया काय?" आमच्या आदितीनं विचारलं.

मी वाकून बघितलं. "न्हाय. णमोकार मंत्र म्हणतीया."

माझा शब्द म्हणून पोरीनं उचललेला तांब्या परत ठेवला.

परवा सकाळी उचगावचे गणपतराव आले. आज्याच्या ट्रंकेत सापडलेलं अर्ध्या आण्याचं तिकीट, पाकिटाच्या कपट्यासकट.

"पावणं, खरं का खोटं तेवढं सांगा की. घरात समद्यास्नी सांगून बसलोय."

कागदात हत्तीच्या मुंडक्याचं जलचिन्ह हवं. ते बघायचं तर कपटा सुटायला पाहिजे. त्यांना संध्याकाळी बोलावलं, बशीत पाणी घेऊन तिकीट तरंगत ठेवलं, वर काच झाकली.

अर्ध्या तासानं आलो तर बशी कोरडी.

तडा असेल म्हणून दुसरी घेतली. पाण्याच्या पातळीला पेन्सिलीची रेघ मारली. खोलीला कुलूप लावून आंघोळ उरकली. तीही कोरडी. टेबल कोरडं, काचेवर वाफ नाही.

तिसरी बशी ठेवली.

परत आलो तर तीही कोरडी, पण या वेळी कपटा सुटला होता. तिकीट टीपकागदावर पालथं होतं. मी ठेवलं नव्हतं. जलचिन्ह स्पष्ट, म्हणजे अस्सल.

पाठीवर, अगदी मधोमध, हिंज होती.

ओली.

हिंजांचं पाकीट आठ महिने कपाटात कुलपात आहे. मी तिकीट नाकाजवळ नेलं.

लवंग.

संध्याकाळी गणपतरावांना 'अस्सल' लिहून दिलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा सहीआधी थांबलो. मग आदितीला फोन केला.

"त्या दिवशी माझं चुकलं."

"कशाचं, पप्पा?"

"पाणीच मागत हुती."

ती रडायला लागली. मी कानाला फोन लावून ऐकत राहिलो.

त्या रात्री टेबलावर तांब्या भरून ठेवला. तोही कोरडा झाला, म्हणून काल घागर.

आज सकाळी घागर कोरडी होती. तळाला एक चघळलेली लवंग. ती काढून बाजूला ठेवली आणि घागर परत भरली.