वत्सलाबाईच्या पत्र्यातलं भोक

"हा आभाळातून पडलेला अशनी नव्हे," भूगर्भ खात्याचे साहेब म्हणाले. शेंदरी दगडाचा टवका त्यांनी छिन्नीनं उडवला होता. आत नुसती जाळी. "भट्टीतला खंगर आहे. राख वितळून थिजलेली. अशनीला आत अशी छिद्रं नसतात. शिवाय तो आकाराच्या मानानं खूप जड असतो."

देवळापुढची माणसं वत्सलाबाईवर धावली. आठ दिवसांपूर्वी दगड तिच्याच पत्र्यातून घरात पडला होता. तिनंच त्याला शेंदूर लावला होता. मग गावानं तो देवळाच्या गाभाऱ्यात बसवला होता.

"ऊस तोडाया कारखान्यावर गेलतीस, तिथनं आणलास!" सिमेंटवाला अंगद ओरडला. "हिचं पाणी तोडा!"

सुंदरराव मागे उभे होते. निवृत्त भूगोल शिक्षक. आपलं चुकलं तर? त्यांनी चष्मा दोनदा पुसला.

"दोन प्रश्न विचारू?"

"घ्या! मास्तरला वाचा फुटली," कुणीतरी हसलं.

"अंगदराव, दगड पडला त्याच दिवशी तुमच्या काट्यावर तोलला. वजन?"

"तीन किलो दोनशे. साहेबांना दावाया मीच लिहून लखोटा बंद केला."

"कुणाला सांगितलंत?"

"बायकोला बी न्हाई! आज साहेबांनी लखोटा फोडला. वजन बरोब्बर जुळलं. दगड त्योच हाय."

"सटवा, गाभाऱ्याची किल्ली?"

"खुंटीला. कुणीबी घ्यावी," पुजारी गुरगुरला. "आता माज्यावर ढकला!"

"नाही. वत्सलाबाई, तो भोक पडलेला पत्रा आणा."

तिनं पत्रा फरफटत आणला. सुंदररावांनी दगड भोकावर ठेवला. दगड अडकला. फिरवून पाहिला. तरी अडकला.

गर्दी पुढं सरकली.

"हा या भोकातून पडलाच नाही," सुंदरराव म्हणाले. "खंगर हलका. तेवढंच वजन भरायला मोठा तुकडा लागला. शेंदरामुळं आकार कुणी नीट पाहिलाच नाही. आणि याच्या बुडालाही शेंदूर आहे."

"बसलेल्या देवाच्या बुडाला कोन शेंदूर लावतंय?" सटवा चमकला. "मी न्हाई, ती बी न्हाई."

"म्हणजे घाईत दुसऱ्यानं लावला. खंगर घासून वजन ग्रॅमला ग्रॅम जुळवलं. बंद लखोट्यातला आकडा एकालाच ठाऊक होता."

"तोंड सांभाळ बे, मास्तर!" अंगद अंगावर आला. सटवानं त्याची कॉलर धरली.

अस्सल दगड अंगदच्या दुकानात सिमेंटच्या पोत्यांमागं सापडला. शेंदूर धुऊन काढलेला, काळा, नारळाएवढा.

"असले दगड विकत घेणारे शहरात आहेत," साहेब म्हणाले.

सुंदररावांनी तो पत्र्याच्या भोकातून सोडला. धप्पकन खाली गेला.

वत्सलाबाईनं दगडाकडं पाहिलंही नाही. ती गर्दीकडं वळली.

"पाणी तोडाया कोण कोण निघालतं? या की पुढं."

कुणी पुढं आलं नाही. माफीही कुणी मागितली नाही.