अर्ध्या अंगठ्याचा ठसा

ही माझ्या सख्ख्या मामाची गोष्ट. पटो न पटो, यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

रोममध्ये, तिबर नदीकाठच्या त्याच्या छोट्या चर्चमध्ये घडलं. पास्खा, म्हणजे ईस्टरनंतरचा तिसरा रविवार. तोही सकाळी, लख्ख उजेडात.

मामाचं नाव मौरो. त्याला पुरोहित केलं ते आधीच्या पोपनी, डोक्यावर हात ठेवून. त्यांचा उजवा अंगठा अर्धाच होता.

ते वारले. नवे पोप बसले आणि फर्मान सुटलं... तो हातच खोटा होता, त्यानं दिलेली दीक्षाही खोटी. तसं लिहून द्या, नाहीतर चर्च सोडा.

मामानं लिहून दिलं.

"लिहिताना हात नाही अडखळला?" चर्च झाडणाऱ्या बोनोसानं विचारलं.

"अडखळला. पण या वयात जाऊ कुठे, बाई?"

दर रविवारी पोपच्या वेदीवरच्या भाकरीचा एकेक तुकडा शहरातल्या प्रत्येक चर्चला यायचा. तो द्राक्षारसाच्या प्याल्यात पडला, की सगळी चर्चं पोपशी एक.

त्या दिवशी तुकडा फारच लवकर आला. वेदीवर तागाची पिशवी...

"कोण देऊन गेलं?"

"कोण येणार? दाराचा अडसर अजून काढला नाही मी."

मामानं पिशवी उघडली.

भाकरीवर अंगठ्याचा ठसा होता... अर्धा.

तेवढ्यात दार वाजलं. नव्या पोपचा माणूस. हातात तशीच पिशवी.

"उशीर झाला, मौरोबाबा. पुलावर ही गर्दी."

मामानं नवा तुकडा प्याल्यात टाकला. जुना बाहीत लपवला.

मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपल्यावर बाही चाचपली... रिकामी.

पुढच्या शनिवारी मामाला नव्यानं दीक्षा. पोपनी डोक्यावर हात ठेवला. चार बोटं टेकली. मग अंगठा...

अर्धाच.

मामानं दचकून वर पाहिलं. पोपचा हात चांगला धडधाकट होता.

त्यानंतर मामानं कुणाच्या डोक्यावर हात ठेवला नाही. बाप्तिस्म्यालाही लांबून पाणी ओतायचा.

"बाळांच्या टाळूवर काय विंचू बसलाय?" बोनोसा चिडवायची.

मरताना मात्र त्यानं मला जवळ बोलावलं.

"मी तो हात खोटा म्हणालो रे. खोटा नव्हता."

आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मामाची दहाही बोटं शाबूत होती. नंतर मीच ती धुतली. पण माझ्या डोक्यावर जे टेकलं, ते...

आज त्याच चर्चमध्ये मी पुरोहित आहे. येत्या रविवारी सहा बाळं बाप्तिस्म्याला येणार आहेत.