पात्याच्या टोकावरचा थेंब

भांडायलाच आली होती ती. तिची ताई नुकतीच बाळंतपणातून उठलेली, अंगात रक्त नाही, आणि भाज्या सोडून नुसता गव्हांकुरांचा रस पीत बसलेली. का, तर कोपऱ्यावरच्या रसवाल्याची पाटी: ‘पेलाभर रस म्हणजे टोपलीभर भाजी.’ आपण अन्न तपासायच्या प्रयोगशाळेत राबायचं आणि सख्ख्या बहिणीने ही थाप गिळायची!

दुकानात कोणी नव्हतं. ती तरातरा मागच्या खोलीत शिरली... आणि थबकली. फळ्यांवर ट्रेच ट्रे, कोवळं हिरवं गवत, आणि प्रत्येक पात्याच्या टोकावर एकेक थेंब.

“पाणी मारलेलं नाही हं,” मागून आवाज आला. “रात्रभर मुळं ओढतात, पहाटे टोकाशी आणून ठेवतात. रोज बघतो मी. रोज गप्प होतो.”

तीही गप्प झाली. मग भांडण आठवलं.

पाटीवरचा हिशोब कुठला, तिने दरडावून विचारलं. त्याने गव्हांकुरांच्या भुकटीच्या डब्यावरचे आकडे दाखवले. तिने कपाळाला हात लावला. ही वाळवलेली भुकटी, आणि तुलना पाण्याने भरलेल्या ताज्या पालकाशी? आधी पालक वाळवा, मग बोला.

त्याने खरंच वाळवला. प्रयोगशाळेच्या फाटकाशी मूठभर हिरवी पूड घेऊन उभा राहिला; भलीमोठी जुडी होती म्हणे. तिने ती पूड आणि डब्यातली भुकटी, दोन्ही तपासलं. लोह, प्रथिनं... उन्नीस-बीसचा फरक.

आता हा तोंड पाडणार, असं तिला वाटलं. तो मात्र त्या पुडीकडे बघतच राहिला.

“म्हणजे पालक एवढा भारी? आणि मी त्याला साधी भाजी म्हणत होतो...”

स्वस्त म्हणून हिणवायचं आणि महाग म्हणून पुजायचं, ही आपली जुनी खोड. ती मोडताना कोणी इतकं सुंदर दिसतं, हे तिला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाटी बदलली: ‘भाजीइतकाच चांगला. भाजीही खा.’ निम्मी गिऱ्हाइकं गेली. पालक खाताना ताई कुरकुरली, “तुझ्या त्या रसवाल्याने धंदा बुडवला स्वतःचा.” ‘तुझ्या त्या’वर हिचे कान तापले.

त्या पहाटेही ती पुन्हा त्या खोलीत; आता रोजचंच झालं होतं.

“रस देऊ?” त्याने विचारलं.

“नको. चव भयंकर आहे.”

“मग रोज येता कशाला?”

“थेंब बघायला.”

“नुसते थेंब...?”

“नाही,” ती म्हणाली. “थेंबांकडे बघणारे तुम्ही... तेही बघायला.”

तो गप्प झाला. आज थेंबांकडे न बघताच.