दुसऱ्या गाडीचा बेल्ट

मारेन हाल्व्हर्सनची बर्फावर धावणारी लाल स्नोमोबाइल देवदाराच्या बुंध्याशी कुशीवर कलंडली होती आणि मारेन स्वतः छातीपर्यंत भुसभुशीत बर्फात उभी होती. वेलमाउंट गावाच्या वरच्या डोंगरांत असा प्रसंग कुणावरही येतो. आपल्यावर मात्र तो येत नाही, असा तिचा समज होता. म्हणूनच उतारावरून एका निळ्या गाडीची घरघर ऐकू आली, तेव्हा तिला सुटकेपेक्षा संकोचच अधिक वाटला.

रुतलेल्या गाडीपाशी न थांबता त्या डोंगरांत कुणी पुढे जात नाही. निळी गाडी थांबली, हेल्मेट उतरले, आणि हसू दाबू पाहणारा एक तरुण चेहरा समोर आला.

"विश्रांती चाललीय वाटतं?"

"या झाडाशी बोलत होते," मारेन म्हणाली. "तुम्ही मध्येच आलात."

"मग थांबतो की. होऊ दे तुमचं बोलणं."

"पुढची स्की धरा आणि ओढा. तोंडाने बर्फ हलत नाही."

त्याने गाडीखालची ती घसरपट्टी धरून ओढले, तिने ढकलले, आणि लाल गाडी एकदाची उभी राहिली. त्याचे नाव वेस टकाचुक. प्रिन्स जॉर्ज शहरातल्या एका दुकानातून तो ही निळी गाडी इर्मा मावशींच्या लॉजवर दाखवायला निघाला होता.

"मावशींची भाची फार कडक आहे म्हणे," तो म्हणाला. "गाडी तीच पारखणार आहे. तुम्ही ओळखता तिला?"

"जवळून," मारेन म्हणाली... आणि त्याच्या चेहऱ्यावरचे हसू सावकाश मावळताना तिने मनसोक्त पाहून घेतले.

लॉजसाठी नव्या गाड्या घ्यायच्या होत्या. मारेनच्या गाडीसारख्या लाल की वेसच्या गाडीसारख्या निळ्या, हे तिने आठवडाभर दोन्ही चालवून सांगायचे. आणि तिची पारख खरी ठरली, तरच पाहुण्यांना डोंगरावर नेण्याचे काम तिच्या हवाली होणार होते. या कामाची वाट ती लहानपणापासून पाहत होती.

"गाड्या एकाच जातीच्या हव्यात," मावशींनी बजावले होते. "इंजिनाचा जोर खाली फिरणाऱ्या ट्रॅकपर्यंत नेतो तो रबरी बेल्ट तुटला, की गाडी म्हणजे नुसतं लोढणं. शेजारच्याचा जादा बेल्ट बसला तर माणूस घरी येतो. लालचा निळीला बसत नाही, की निळीचा लालला."

आठवडा कसा सरला, ते दोघांनाही कळले नाही. तिरप्या उतारावर गाडीच्या एकाच बाजूच्या पायरीवर दोन्ही पाय रोवून, गाडी एका स्कीवर तोलत मारेन निघाली, की वेस आपली गाडी थांबवून पाहत राही. लाल गाडीला जणू वळवावे लागतच नसे. मारेनने नजर फिरवावी आणि गाडीने मन ओळखावे. निळी अंगाने जड, पण गोठवणाऱ्या पहाटे दोरीच्या पहिल्याच हिसक्याला जागी होई आणि संध्याकाळपर्यंत कुरकुर करत नसे.

"ही कधी चिडत नाही," वेस अभिमानाने म्हणाला. "माझ्याहून शांत आहे."

"त्यात विशेष काय? माझ्या मावशीसुद्धा तुझ्याहून शांत आहेत."

रात्रीच्या जेवणात बटाट्याचे सारण भरलेल्या, उकडलेल्या करंज्यांसारख्या पेरोगी असत. त्याच्यापुढची ताटली रिकामी पाहून मावशी म्हणत, "मुला, गाडी खपेल न खपेल, माझ्या पेरोगी खपल्या."

शेवटच्या दिवशी दोघे दूरच्या डोंगरधारेवर गेले. माथ्याखाली खोल बर्फात मारेनने जोर लावला... एक फटका ऐकू आला, आणि लाल गाडी मुकी झाली. बेल्ट तुटला होता. जादा बेल्ट तिने आदल्याच दिवशी एका अडलेल्या प्रवाशाला दिला होता. पश्चिमेकडून ढग उतरू लागले होते. गाडी इथेच टाकावी लागणार आणि लाल गाडीची बाजू मांडायलाही आपल्याला तोंड उरणार नाही, एवढे तिला स्पष्ट दिसले.

वेसने आपल्या गाडीचे बॉनेट उघडले. आत दोन बेल्ट होते. त्यातला एक त्याने तिच्यापुढे धरला.

"हा लालचा आहे," मारेन म्हणाली.

"हो."

"तुझ्या गाडीला बसत नाही."

"नाही बसत."

"कधीपासून बाळगतोस?"

"तू झाडाशी बोलत होतीस ना... त्याच संध्याकाळी गावातून घेतला."

"माझी गाडी इथे अडकली असती, तर तुझी खपली असती, वेस."

"तेही सुचलं होतं." त्याने बेल्ट तिच्या हातात दिला. "पण मग तू माझ्यामागे बसून उतरली असतीस आणि वाटभर एक शब्द बोलली नसतीस. मला तुझं बोलणं लागतं, मारेन."

 तिने बेल्ट स्वतःच्या हातांनी चढवला. 

त्या संध्याकाळी मावशींनी विचारले, "मग?"

"निळी," मारेन म्हणाली.

"या पोराकडे पाहून?"

"पाहुण्यांकडे पाहून. जाणत्या हातात लाल गाडी म्हणजे सोनं. तिच्यासारखी वळणारी मी चालवलेली नाही. पण पाहुण्यांचे हात नवखे. त्यांना हटकून सुरू होणारी आणि चूक पोटात घालणारी गाडी हवी. पोराकडे पाहून निळी घेतली असं लोक म्हणतील, या भीतीने मी आज लाल म्हणणार होते, मावशी. तेही सांगून टाकते."

 "पाहुणे तुझ्या हवाली," मावशी म्हणाल्या, आणि पेरोगी वाढायला उठल्या.

सकाळी हलके हिम पडत होते. वेसने निळी गाडी ट्रकवर चढवून दोरांनी आवळली होती. मारेन त्याच्यापाशी आली.

"निघण्याआधी माझी गाडी एकदा बघतोस?"

त्याने लाल गाडीचे बॉनेट उचलले. आत दोन बेल्ट होते. एक लालचा, आणि एक कोरा करकरीत... निळीचा.

"पाहुण्यांसाठी?" त्याने विचारले.

"त्यांचे बेल्ट त्यांच्या गाड्यांत असतील."

"हा तुझ्या गाडीला बसत नाही, मारेन."

"नाही बसत."

वेसने बॉनेट मिटले. मग वळला, आणि निळ्या गाडीला बांधलेले दोर एकेक करून सोडू लागला.